पहिलीला कुठं घालायचं? सोलापुरात प्राथमिक शाळा निवडताना

"बाई, पोरीला कुठं घालू?" दिवाळी सरली की हा प्रश्न माझ्या दारात येतो. कधी शेजारची सून येते, कधी टॉवेलच्या कारखान्यातून सुटलेला बाप सायकल भिंतीला टेकवून उंबऱ्यातच उभा राहतो. हातात दोन-तीन शाळांची रंगीत पत्रकं आणि चेहऱ्यावर धास्ती, की आपण चुकलो तर पोरीचं नुकसान होईल. मी पूर्व भागात बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. पालक शाळा निवडतात, पण सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येते ती एक खोली आणि एक बाई. ती खोली बघितल्याशिवाय आणि त्या बाईंशी बोलल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या खोलीपर्यंत कसं पोचायचं, याबद्दलच आहे.

वय मोजा, मग शोधाला लागा

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरला मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयासाठी हीच तारीख ३१ मार्च आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं मूल नियमात बसलं तरी वर्गात सगळ्यांत लहान असतं. शेजारी बसलेलं मूल त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठं असू शकतं, आणि या वयात अकरा महिन्यांचा फरक पेन्सिल धरणाऱ्या बोटांतही दिसतो. मूल बुजरं असेल, बटणं लावायला, डबा उघडायला अजून कोणीतरी लागत असेल, तर त्याला आणखी एक वर्ष बालवाडीत राहू द्या. मात्र खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करणार असाल तर तिथे वयाला वरची मर्यादाही असते, ती आधी बघून घ्या.

शोध दिवाळीनंतर सुरू करा आणि शाळा बघायला जानेवारी-फेब्रुवारीत जा, गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच. त्या सुमारास वर्षभराचं काम वह्यांत दिसतं, पहिलीतलं मूल किती वाचायला लागलं ते कळतं. एप्रिलमध्ये गेलात तर सकाळची शाळा आणि परीक्षा, मे महिन्यात गेलात तर भेटतो फक्त क्लार्क. सीबीएसईच्या शाळा बहुतेक एप्रिलमध्येच सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. दोन्ही प्रकार डोक्यात असतील तर एप्रिलच्या आत निर्णय झालेला हवा.

घरापासून किती मिनिटं

एक कागद घ्या. मध्ये आपलं घर काढा आणि वीस मिनिटांच्या अंतरातल्या सगळ्या शाळा लिहा, आवडत्या आणि नावडत्या दोन्ही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. त्यामुळे नीलम नगर असो, जुळे सोलापूर असो की शेळगी, कागदावर चार-पाच नावं तरी येतातच. एखादं नाव आपण कधी मनावरच घेतलेलं नसतं.

ही वीस मिनिटांची अट मी अनुभवातून घालते. माझ्या थोरल्या मुलाला आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. रिक्षात अकरा मुलं. सगळ्यांना घेत घेत जाताना पाऊण तास, येताना तेवढाच. दुपारी रिक्षातून उतरवून घेताना तो झोपलेला असायचा, मान माझ्या खांद्यावर, शर्ट घामानं ओला. डबा उघडला की चपातीची गुंडाळी सकाळी ठेवली तशीच. मी स्वतः दिवसभर दुसऱ्यांची मुलं शिकवत होते आणि माझं पोर मात्र संध्याकाळी गोष्ट ऐकण्याच्या अवस्थेत नसायचं. हे समजायला मला सात महिने लागले. दुसरीला त्याला घराजवळच्या शाळेत आणलं. तो चालत घरी येऊ लागला, आणि येताना वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचू लागला.

अंतर मोजताना नकाशावरचे किलोमीटर बघू नका, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. होटगी रोडला गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, विजापूर रोड आणि अक्कलकोट रोडला जड वाहनं. ज्या रस्त्यावर आपण मोटारसायकलवरही दबकत जातो, त्याच्या पलीकडची शाळा सहा वर्षांच्या मुलाला लांबच. रिक्षा किंवा व्हॅन लावणारच असाल तर रिक्षावाल्या मामांना तीन गोष्टी विचारा: एकूण मुलं किती, आपलं मूल पहिलं चढणार की शेवटी, आणि मामा आजारी पडले तर कोण येणार. स्कूल बस असेल तर बसमध्ये महिला मदतनीस आहे का आणि शाळेची परिवहन समिती आहे का, हे शाळेला विचारा. दोन्ही गोष्टी नियमानं बंधनकारक आहेत.

घरातल्या कामाच्या वेळाही याच कागदावर लिहा. आई बिड्या द्यायला कारखान्यात जात असेल, वडील यंत्रमागावर पाळीत असतील, तर शाळा दुपारची की सकाळची हा फार मोठा प्रश्न आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनानं २०२४ मध्ये ठरवलं आहे. तरी प्रत्यक्षात शाळा किती वाजता भरते आणि सुटते, ते विचारा. सुटल्यावर मुलाला कोण घेणार, हे आधी ठरवा.

कागदावरची कुठली शाळा कसली आहे

महापालिकेच्या शाळा फुकट. पुस्तकं, गणवेश, शालेय पोषण आहार, सगळं मिळतं. सोलापुरात त्या मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमातही आहेत. हद्दीबाहेर, कुंभारीसारख्या ठिकाणी, जिल्हा परिषदेच्या शाळा. दुसरा गट संस्थांच्या अनुदानित शाळांचा. शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी नसते किंवा अगदी किरकोळ असते. तिसरा गट स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, सगळा खर्च पालकांच्या फीवर. केंद्रीय विद्यालयात केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना आधी जागा मिळतात.

महापालिका किंवा जिल्हा परिषद म्हटलं की बरेच पालक यादीवर काट मारतात. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ ज्यांना मिळाला ते रणजितसिंह डिसले गुरुजी तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. एका गुरुजींवरून सगळ्या शाळा चांगल्या ठरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण एका छोट्या वाडीच्या शाळेत काय घडू शकतं हे ज्या जिल्ह्यानं पाहिलंय, तिथल्या पालकांनी घराजवळच्या सरकारी शाळेत निदान एकदा पाऊल टाकावं. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: पट किती, शिक्षक किती, एका शिक्षकाकडे दोन वर्ग एकत्र आहेत का, आणि निवडणूक किंवा सर्वेक्षणाच्या कामाला बाई गेल्या की वर्ग कोण बघतं. पट कमी म्हणजे वाईट असं नाही. अठरा मुलं आणि एक मन लावून शिकवणाऱ्या बाई असा वर्ग मिळाला तर तो सोडू नका.

मोठ्या प्रशालांच्या प्राथमिक विभागाला आपल्याकडे फार मागणी असते. हरीभाई देवकरण, सेवासदन, कुचन अशी नावं घराघरात आहेत. ओढ समजते, कारण पाचवीला पुन्हा धावपळ नको असते. म्हणून विचारून घ्या की चौथीची सगळी मुलं त्याच संस्थेत पाचवीला आपोआप जातात का, की पुन्हा अर्ज भरावा लागतो. पोखरापूरच्या नवोदय विद्यालयाचं स्वप्न बघणारे पालक पहिलीपासूनच परीक्षांच्या तयारीची शाळा शोधतात. ती परीक्षा पाचवीत असते. पहिलीच्या मुलाला चांगलं वाचायला येऊ द्या, तीच तिची तयारी.

माध्यमाचा प्रश्न

यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सोलापूरचं घर म्हणजे बऱ्याचदा तीन भाषांचं घर. आजी तेलुगू बोलते, गल्ली मराठी, टीव्ही हिंदी. अक्कलकोट रोडच्या बाजूला कन्नड. आणि शाळा हवी इंग्रजी.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, पद्मशाली घरातला. जूनचे पहिले पंधरा दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही. मला वाटलं घाबरलाय. एके दिवशी मधल्या सुट्टीआधी त्यानं माझ्या साडीचा पदर ओढला आणि हळूच म्हणाला, "नीळ्ळु." पाणी. मला तेवढं तेलुगू येत होतं. मी "नीळ्ळु? हे बघ, पाणी" म्हणून त्याला माठाकडे नेलं. त्या दिवसापासून तो बोलायला लागला, आधी तेलुगूत, मग अर्धं-अर्धं, दिवाळीनंतर धडाधड मराठीत. मला तो शब्द कळला नसता तर?

गणितातही मला तो एक गोष्ट शिकवून गेला. २५ हा आकडा लिहिताना आधी दोन, मग पाच. मराठीत म्हणतो 'पंचवीस', म्हणजे पाच आधी. मराठी मुलं इथे अडखळतात, ५२ लिहून ठेवतात. म्हणूनच २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आणलं होतं आणि त्यावर किती चर्चा झाली ते आठवत असेल. तेलुगूत मात्र 'इरवै ऐदु', वीस आधी, पाच नंतर. कन्नडमध्येही 'इप्पत्तैदु', तोच क्रम. घरातून आकडे शिकून आलेला तो मुलगा दोन अंकी संख्या कधी उलटी लिहायचा नाही. घरची भाषा मुलाला मागे ओढते असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

म्हणून माध्यम ठरवताना एकच कसोटी लावा. मुलाला न समजलेली गोष्ट बाई त्याला कळणाऱ्या भाषेत समजावू शकतात का, आणि त्यांना तशी परवानगी आहे का? काही इंग्रजी शाळांत मराठी बोललं तर दंड असतो, आणि बाईंचं इंग्रजी पुस्तकातल्या चार वाक्यांपुरतं असतं. अशा वर्गात मुलं फळ्यावरचं सुबक उतरवतात, पण त्यांना ते समजलेलं नसतं. घरात इंग्रजी वाचणारं कोणी असेल, शाळेच्या बाई दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या असतील, तर इंग्रजी माध्यम चालतं, माझा त्याला विरोध नाही. घरात तसं कोणी नसेल तर मराठी किंवा सेमी इंग्रजी घ्या, असं मी उघड सांगते. सेमीतही नीट विचारा, गणित इंग्रजीतून कितवीपासून, आणि ते शिकवणाऱ्या बाई कोण. तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाची शाळा घराजवळ असेल तर तीही मनापासून बघा, फक्त त्या माध्यमाची पुढची शाळा कितवीपर्यंत आहे आणि मराठी तिथे कसं शिकवतात, ते विचारा. मराठी आता राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत शिकवणं २०२० च्या कायद्यानं सक्तीचं आहे.

शाळा खरी आहे का

हे पाच मिनिटांचं काम, पण टाळू नका. दर वर्षी शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी काढतो. शाळेला यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, विचारा, तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. यूडायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेची माध्यमं, वर्ग, शिक्षकसंख्या समोर येते. 'सीबीएसई पॅटर्न' असा फलक दिसला तर विशेष सावध व्हा. 'पॅटर्न' म्हणजे संलग्नता नाही. संलग्न शाळेला मंडळाचा संलग्नता क्रमांक असतो, तो मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. "यंदा अर्ज केलाय, येईलच" या उत्तरावर पोराला घालू नका.

वर्गापर्यंत पोचा

'ओपन डे'ला जाऊ नका, त्या दिवशी सगळं मांडलेलं असतं. साध्या मंगळवारी-बुधवारी, शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर जाऊन उभे राहा. बाई मुलांना नावानं हाक मारतात का? पहिलीच्या मुलांना कोणाच्या हातात देतायत हे बघून सोडतात का, की घंटा झाली आणि लोंढा बाहेर? मुलं बाहेर पडताना बाईंशी काही बोलतात का? दहा मिनिटांत बरंच कळतं.

मग मुख्याध्यापकांची वेळ घ्या आणि दोन गोष्टी मागा: पहिलीचा वर्ग दारातून बघायला, आणि दुसरीच्या चार-पाच वह्या चाळायला. दुसरं ऐकून काही जण चकित होतात. पण वही खोटं बोलत नाही. सगळ्या वह्यांत 'माझी आई' वर तीच सात वाक्यं, त्याच क्रमानं असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. एकात "माझी आई चादरीला गाठी मारते" आणि दुसरीत "माझी आई दुपारी झोपत नाही" असं वाकड्यातिकड्या अक्षरांत, चार चुकांसह लिहिलेलं दिसलं, तर त्या बाई मुलांना लिहायला शिकवतात. लाल पेनाची खूण कशी आहे तेही बघा. नुसती बरोबरची टिक आहे, की चुकलेला शब्द बाजूला नीट लिहून दाखवलाय?

वर्गात मुलं मोजा. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक. खाजगी शाळेत एका तुकडीत पन्नास-साठ कोंबलेली दिसली तर इमारतीतलं वातानुकूलन विसरा. मग बाईंबद्दल विचारा: डी.एड. झाल्यात का, किती वर्षं याच शाळेत आहेत, गेल्या वर्षीच्या पहिलीच्या बाई यंदा आहेत का? पहिली ते पाचवी शिकवायला डी.एड. किंवा डी.एल.एड. यांसारखी पात्रता लागते, नुसतं बी.एड. चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. कमी पगारामुळे वर्षाच्या मध्यात बाई बदलणं हा खाजगी शाळांतला नेहमीचा प्रकार आहे, आणि पहिलीच्या मुलाला त्याचा फार त्रास होतो. ज्या शाळेत एकाच वर्गाला वर्षात तीन बाई झाल्या, ती शाळा मी माझ्या नातेवाइकांना सुचवत नाही.

सोलापूरकरांनी पाण्याबद्दल विचारायलाच हवं. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मग शाळेत काय होत असेल? टाकी किती लिटरची, कधी धुतात, पाणी संपलं की टँकर मागवतात का? स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा, मुलींचं मुद्दाम बघा. कडी लागते का, नळाला पाणी येतं का, मुलींचं वेगळं आहे का? घाण स्वच्छतागृहामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. घरी आल्यावर आईला कळत नाही की पोट का दुखतंय. तसंच छत. मार्चच्या शेवटी पारा चाळिशी गाठतो. पत्र्याखालचा वर्ग असेल तर पंखे किती, झाड आहे का, उन्हाळ्यात शाळा सकाळची करतात का?

सुरक्षेबाबत तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि सखी सावित्री समिती या तिन्हींबद्दल शासनाचे आदेश आहेत. समितीत कोण आहे असं विचारलं की लगेच नावं सांगता आली पाहिजेत.

शेवटी पालकांशी बोला, पण पहिलीच्या पालकांशी नको, ते अजून नवलाईत असतात. तिसरी-चौथीच्या आयांना गाठा. "शाळा चांगली आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "तुमच्या मुलाला शिकवणी लावलीय का, आणि कशासाठी?" त्यांच्या तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा प्रेमानं वाचायला द्या. तो समजून वाचत असेल, मध्येच थांबून "काकू, हे आमच्याकडे पण असतं" असं काही म्हणत असेल, तर त्या शाळेनं आपलं काम केलंय.

पैशाचा हिशेब

महिन्याची फी विचारून थांबू नका. वर्षाचा आकडा काढा. समजा फी २४,००० रुपये, रिक्षा महिन्याला १,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १०,०००, पुस्तकं-गणवेश-बूट ६,०००, शिकवणी महिन्याला ५०० प्रमाणे ६,०००. झाले ४६,०००. स्नेहसंमेलनाचे कपडे आणि सहल वेगळी. आता धाकटंही दोन वर्षांनी येणार आहे, हे धरून पुन्हा बेरीज करा. मागाला काम कमी असलेल्या महिन्यात हे झेपेल का? फी थकली की मुलाला वर्गात उभं करणाऱ्या शाळा असतात, आणि ती लाज मूल विसरत नाही.

राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते. गेल्या बैठकीत किती वाढ मंजूर झाली ते विचारा. देणगी मागितली तर ती बेकायदेशीर आहे, शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणंही त्याच कायद्यानं बंद आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. वह्या-गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्तीही शाळेला करता येत नाही.

२५ टक्क्यांतून अर्ज

खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांना वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. २०२४ मध्ये घराजवळ सरकारी-अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळा वगळण्याचा बदल आणला गेला, तो उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला. त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यानं सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीच्या सूचना स्वतः वाचा.

अर्ज बाद होण्याची कारणं बहुतेक साधी असतात. नकाशावर घराची खूण चुकीच्या गल्लीत पडते, भाडेकरार नोंदणीकृत नसतो, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेत निघालेला नसतो. दाखल्यांसाठी डिसेंबरातच सेवा केंद्रात जा. घराची खूण टाकताना सायबर कॅफेवाल्याच्या मागे उभं राहून स्वतः बघा. आणि हे प्रवेश आठवीपर्यंत मोफत असतात, नववीपासून पूर्ण फी लागते. तेव्हाचा विचार आजच करा. लागलं नाही म्हणून रडू नका, यादीतली दुसरी शाळा आपण पाहून ठेवलेली आहेच.

प्रवेशाच्या दिवशी

सगळ्यांत जास्त डोळ्यांत तेल घालून करायचं काम हे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात लिहिली जाते. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, सगळं या एका ओळीवर उभं राहतं. आपल्याकडे तेलुगू, कन्नड आडनावं मराठीत लिहिताना हमखास गडबड होते. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं एका अक्षरानं वेगळी झालेली मी पाहिली आहेत, आणि बारावीनंतर त्यांचे आईवडील कचेरीच्या पायऱ्या झिजवतानाही पाहिले आहेत. जन्मदाखला, आधार आणि वडिलांचा जुना शाळेचा दाखला सोबत न्या. जात जशी वडिलांच्या दाखल्यावर आहे तशीच, पोटजातीसह, लिहायला सांगा. लिहून झालं की "बाई, एकदा वाचून दाखवा" म्हणा. मी कितीतरी वर्षं ते रजिस्टर लिहिलंय. असं म्हणणाऱ्या पालकांचा मला कधी राग आला नाही.

जन्मदाखला हरवलाय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा. मूल दिव्यांग असेल तरी घराजवळच्या शाळेत शिकण्याचा त्याला हक्क आहे. विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात, तेवढं आधी विचारा.

जूननंतरचे दोन महिने

पहिले पंधरा दिवस मूल रडलं तर घाबरू नका. ऑगस्ट उजाडल्यावरही सकाळी पोट दुखत असेल, रात्री अंथरूण ओलं होत असेल, बाईंचं नावच घेत नसेल, तर शाळेत जा. ओरडायला नाही, बाईंच्या शेजारी बसायला. बहुतेक वेळा जागा बदलली, डबा खायला एक जोडीदार दिला की गाडी रुळावर येते. नाहीच आली तर शाळा बदला. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी तातडीनं द्यायला हवा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. माझ्या मुलाची शाळा बदलताना मला सगळ्यांत जास्त भीती लोकांच्या बोलण्याची वाटत होती. त्यानं नव्या शाळेतून पहिल्या दिवशी घरी आल्यावर डबा पुढे केला, तो रिकामा होता.